अडखळण्याची तालीम

गेल्या वर्षी आमच्या शाळेचे पंखे हुकले, ते केवळ आमच्या मुलांना वाचता येत होतं म्हणून.

झालं असं, की एक तरुण मंडळ शाळेत सेवा करायला आलं. अंगात एकसारखे पिवळे शर्ट, गळ्यात ओळखपत्रं, आणि चेहऱ्यावर दुसऱ्याचं भलं करायला निघालेल्या माणसाचं ते ठरलेलं हसू. त्यांनी चौथीतली काही मुलं उभी केली आणि त्यांच्या हातात पुस्तकं दिली. मुलं धडाधड वाचत सुटली. आमचे भाषेचे सर खिडकीशी उभे राहून मिशीतल्या मिशीत हसत होते. अख्खी नोकरी त्यांनी त्या एका कामात घातली होती. मंडळातली पोरं मात्र एकमेकांची तोंडं बघायला लागली. त्यांच्या प्रकल्पाचं नाव होतं 'वाचनमित्र', आणि ज्याला आधीच वाचता येतं त्याच्याशी मैत्री करून फायदा काय? त्यांनी सरांचं अभिनंदन केलं, मुलांना एकेक पेन्सिल दिली आणि पुलापलीकडच्या शाळेत गेली. तिथल्या मुलांना धड वाचता येत नव्हतं, कारण तिथले शिक्षक दुपारी जेवून झोपत. वर्षअखेरीला त्या शाळेला बक्षीस म्हणून वर्गावर्गात नवे पंखे मिळाले. आता ते शिक्षक वाऱ्याखाली झोपतात.

आमच्याकडे अजून वहीने वारा घेतात. उन्हाळ्यात वर्गात शिरलं की वाटतं, मुलं शिकत नाहीयेत, पाखडतायत.

मोठ्या बाई, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिका, या गोष्टीवर वर्षभर धुमसत होत्या. यंदा दुसऱ्या एका मंडळाचा फोन आला, तसं त्यांनी आम्हा सगळ्यांना शिक्षकांच्या खोलीत बोलावलं, दार लावून घेतलं आणि जाहीर केलं, "यंदा आपल्याला वाचता येत नाही."

"कुणाला?" सरांनी विचारलं.

"मुलांना. तुमचं मी विचारत नाहीये."

"अहो मोठ्या बाई, पहिलीपासून घासतोय मी त्यांना! त्या पोरांना वाचता येतं हो!"

"येतं ना? मग आता उलटं घासा. ती मंडळी येतील, परीक्षा घेतील, मुलं अडखळतील. मग ते शिकवतील आणि मुलं सुधारतील. त्यांचं समाधान होईल, आपले पंखे होतील. यात कुणाचं नुकसान आहे?"

सरांचा घाम मानेवरून कॉलरमध्ये उतरत होता, आणि पंख्याची बाजू तो घामच जास्त चांगली मांडत होता.

मी शिवण आणि हस्तकला शिकवते. माझ्या विषयाची परीक्षा नसते, त्यामुळे शाळेत जे काम कुणाचंच नसतं ते माझं असतं. तालमीवर देखरेख करायला मलाच बसवलं.

आणि तालीम म्हणजे काय, नुसती धमाल! ज्या माणसाने आयुष्यभर "थांबू नका, थांबू नका" म्हणून डोकं फोडलं, तो आता फळ्यापुढे उभा राहून थांबायचं कसं ते शिकवत होता. ओळीखाली बोट धरायचं. दोन अक्षरं झाली की तिसऱ्यावर अडायचं. छताकडे बघायचं. अगदीच सुचेना तर चित्र बघून शब्द ठोकून द्यायचा. मुलांना हा अभ्यासक्रम भयंकर आवडला. एकाने 'आई' हा शब्द वाचायला इतका वेळ लावला, इतका कण्हला, की सर ओरडले, "अरे, तुला वाचता येत नाही एवढंच दाखवायचंय, मरायला टेकलायस असं नाही!" दुसरी एक मुलगी सगळं पान घडाघडा वाचून गेली, शेवटी जीभ चावून "अय्या, विसरले!" म्हणाली आणि पहिल्यापासून अडखळायला लागली.

मग उठली रेडिओ.

रेडिओ म्हणजे माझी भाची, धाकट्या बहिणीची मुलगी. बहीण दुसऱ्या गावात औषधांच्या कारखान्यात खोकी भरायच्या कामाला आहे. तिच्या पाळ्या सारख्या बदलतात, आणि नवरा तर कधीच पाठ फिरवून गेलेला. म्हणून या वर्षी पोरगी माझ्याकडे आणली. नाव चांगलं ठेवलंय तिचं, पण हाक कुणी त्या नावाने मारत नाही. कानावर पडेल ते सगळं तिच्या तोंडून जसंच्या तसं प्रसारित होतं. शेजारच्या नवराबायकोचं भांडण ती दोन्ही आवाजांत करून दाखवते. सरांचा धडा तर ती सरांच्या खोकल्यासकट म्हणते.

तर रेडिओ उठली, पुस्तक उघडलं आणि गप्प उभी राहिली. बोट ओळीखाली गेलं, थरथरलं. कपाळावर घाम आला. एक अक्षर उच्चारलं, तेही चुकीचं. मग तिने चित्राकडे चोरून बघितलं आणि हळूच म्हणाली, "बदक." ते बदक नव्हतं, बगळा होता.

"याला म्हणतात काम!" सर खुर्चीतून उठलेच. "बघा रे, शिका जरा! कुठे रडारड नाही, कण्हणं नाही. अस्सल!"

सगळ्या वर्गाने टाळ्या वाजवल्या. रेडिओने आधी दचकून सगळीकडे बघितलं आणि मग ती हसली. पकडलं जाणार म्हणून भेदरलेला माणूस सुटल्यावर जसा हसतो, तसं ते हसू होतं. मला ते खटकलं.

घरी आल्यावर मी खडूने माझ्या शिवणाच्या फळकुटावर 'दार उघड' असं लिहिलं आणि तिला म्हटलं, "एवढं कर." तिने फळकुटाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. म्हणाली, "मावशी, डोकं दुखतंय."

"आधी हे कर, मग दुखव."

ती रडायला लागली. हुंदक्यांतून एकेक गोष्ट बाहेर पडली. तिला येत नव्हतं. कधीच येत नव्हतं. आधीच्या शाळेत बाकावरची मैत्रीण आधी वाचायची, ते ऐकून ही म्हणायची. एकदा ऐकलं की तिच्या डोक्यात बसतं, मग बघायचं कशाला? धडा म्हणून दाखवत होती, पास होत होती, आणि दर वर्षी नवं पुस्तक हातात आलं की आधी शेजारी कोण बसतंय ते बघत होती.

"आणि मग तालमीत गं?" मी विचारलं.

"तालमीत मला खूप बरं वाटतं मावशी." तिने नाक पुसलं. "तिथे कुणालाच येत नाही ना."

मी तिला जवळ घेतलं नाही. मला ते पटकन जमत नाही. मी फळकूट पुसलं आणि तिला दूध दिलं.

दुसऱ्या दिवशी मोठ्या बाईंकडे गेले. "माझ्या भाचीला खरंच वाचता येत नाही," मी म्हटलं.

"वा!" त्या म्हणाल्या. "तुम्हीसुद्धा फसलात?"

"मोठ्या बाई, ती सोंग करत नाहीये."

"तेच तर म्हणते मी! करतेय असं वाटतच नाही. अंगात गुण आहे हो पोरीच्या. मी तिला परीक्षेला पहिल्याच ओळीत बसवणारे."

मग सरांकडे गेले. त्यांचा विश्वास बसला असणार, कारण त्यांचा चेहराच पडला. माणूस वाईट नाही. खडू बोटांत फिरवत म्हणाले, "मी शिकवतो तिला. नक्की शिकवतो. पण प्रकल्प संपल्यावर. आत्ता शिकवलं तर बिघडेल ती."

शेवटी मीच बसले शिकवायला. पण माझ्या तोंडाचा पट्टा आणि माझा धीर यांचं माप सारखं नाही. माझ्याकडे शिवण शिकलेल्या मुलींना विचारा; टाका चुकला की त्या आधी कान झाकतात, मग उसवतात. आठवडाभरात अशी पाळी आली, की मी पुस्तक हातात घेतलं की रेडिओचं डोकं खरोखरच दुखायला लागायचं. मी पुस्तक ठेवून दिलं.

यंदाच्या मंडळाचा रंग निळा होता, प्रकल्पाचं नाव मात्र तेच, 'वाचनमित्र'. त्यांच्या अध्यक्षाला सगळे अध्यक्षच म्हणत, आणि तोही हाकेला ओ देई. हा तरुण नेहमी उलटा चालायचा, कारण पुढे कायम काहीतरी फोटो काढण्यासारखं घडत असायचं. त्यांनी प्रत्येक मुलाची परीक्षा घेतली आणि आमची सगळी मुलं एकजात विशेष प्रावीण्यासह नापास झाली. अध्यक्षाचा आनंद गगनात मावेना.

"मॅडम, परिस्थिती इतकी वाईट असेल असं वाटलं नव्हतं!" तो मोठ्या बाईंना म्हणाला. "आम्ही इथेच काम करणार. आणि शेवटच्या कार्यक्रमाला एक मोठे पाहुणे येतील. शाळेला काय कमी आहे ते त्यांना सांगून ठेवतो."

मोठ्या बाईंनी अगदी सहज छताकडे बघितलं.

दर शनिवारी निळे शर्ट यायचे आणि एकेका मुलाला घेऊन बसायचे. सरांनी कुणी कोणत्या आठवड्यात किती सुधारायचं ते ठरवून दिलं होतं, पण पोरं कसली ऐकतात! ज्याचा वाचनमित्र आवडता, ते मूल भराभर सुधारायचं. ज्याचा मित्र कंजूष, ते मूल अक्षरओळखीवरच रुतून बसायचं. एका पठ्ठ्याने तर चॉकलेटच्या एका पुड्यावर एकाच दुपारी तीन इयत्तांची प्रगती केली. त्याच्या मित्राने डोळे पुसले आणि अध्यक्षाने ते डोळे पुन्हा एकदा पुसायला लावले, कारण पहिला फोटो हलला होता.

रेडिओच्या वाट्याला आली लेटलतीफ. विशीतली मुलगी. बाकीचे निम्मं शिकवून होईपर्यंत ही यायची, निळा शर्ट कमरेला गुंडाळलेला, डोळे फोनमध्ये. पहिल्याच दिवशी मी तिला झापलं, तर म्हणाली, "बाई, खोटं कशाला बोलू? कॉलेजात माझी हजेरी कमी पडलीय. इथलं प्रमाणपत्र दिलं की चालवून घेतात म्हणे." त्या अख्ख्या प्रकल्पात माझ्या कानावर पडलेलं ते पहिलं खरं वाक्य. तरीही मला ती आवडली नाही.

त्या दोघी माझ्या वर्गाच्या खिडकीखाली पायरीवर बसल्या होत्या. मी आत कापड बेतत होते, त्यामुळे सगळं ऐकू येत होतं. रेडिओने मंडळाची छापील पुस्तिका उघडली आणि आपलं काम सुरू केलं: बोट, थरथर, घाम, चित्र. लेटलतीफने फोनमधून डोकं वर काढलं.

"तुला खरंच येत नाही, हो ना?"

रेडिओने पुस्तिका तोंडासमोर धरली.

"बाकीची नाटकं करतात. तो तिकडचा जाडू मगाशी माझ्या फोनवरचा मेसेज वाचून हसत होता. तू करत नाहीस."

पुस्तिकेमागून हुंदका आला.

"मग त्यात रडायचं काय? मला पोहता येत नाही." आणि ती पुन्हा फोनमध्ये शिरली.

झालं, एवढंच! मी कात्री खाली ठेवली. हिला आता दोन शब्द सुनावायचेच म्हणून उठले, तेवढ्यात ती फोनकडे बघून फिस्सकन हसली. आणि रेडिओ ती रेडिओच.

"काय झालं? कोण आहे?" तिने डोळे पुसत विचारलं.

"माझी खोलीवरची मैत्रीण. न विचारता माझा ड्रेस घालून गेली लग्नाला. आणि आता काय लिहिलंय बघ!"

"काय लिहिलंय?"

लेटलतीफने पुस्तिकेचं शेवटचं पान टर्रकन फाडलं. त्यावर अध्यक्षाचा फोटो आणि संदेश होता. मागची बाजू कोरी होती. तिथे तिने काहीतरी खरडलं आणि रेडिओच्या हातात दिलं. "हे घे."

"वाचून दाखव ना!"

"छे! तुला ऐकवलं की गावभर होईल. वाचायचं तर वाच, नाहीतर सोड. अक्षर अडलं तर अक्षर सांगीन. शब्द नाही सांगणार."

माझी भाची जेवल्याशिवाय राहील, बातमीशिवाय राहायची नाही. तो शनिवार संपेपर्यंत ती त्या दोन शब्दांशी झटत होती. घरी आली तीही कागद धरूनच. मी मशीनवर बसले होते. ती मागे येऊन उभी राहिली.

"मावशी, 'र'ला काना?"

"रा." शब्द काही मागितला नाही तिने.

"रा... ग... रा... राग!" ती एकदम उडालीच. "राग आला! मावशी, तिला राग आला! ड्रेस हिचा, आणि राग तिलाच आला!"

माझ्या मशीनवरची शिवण वाकडी गेली. मी उसवली. त्या दिवशी ओरडले नाही.

मग दर शनिवारी भांडणाचा पुढचा तुकडा यायचा. 'ती बोलत नाही.' 'ड्रेस परत आला.' 'डाग आहे.' मला तर संशय आहे, की भांडण कधीच मिटलं असणार आणि ती पोरगी ते रबरासारखं ताणत होती. अध्यक्षाच्या पुस्तिकेचं मात्र एकही पान तिने शिकवलं नाही. कोरी बाजू सापडेल तेवढी फाडली. आणि मी? मी शाळेतली शिक्षिका, असल्या उखाळ्यापाखाळ्यांत मला काय रस! रेडिओ अंघोळीला गेली की मी कागद वाचून घ्यायचे, एवढंच.

पण खरं सांगायचं तर ती फार हळू वाचायची. एक ओळ म्हणजे एक डोंगर. जोडाक्षर आलं की तिथेच बसकण मारायची. बाकीची मुलं ठरवून दिलेल्या वेगाने 'सुधारत' होती आणि ही खरोखरीच्या वेगाने, म्हणजे गोगलगाईच्या.

कार्यक्रम जवळ आला. प्रत्येक मुलाने मंचावर पुस्तिकेतलं एकेक पान वाचायचं ठरलं. सरांनी आता उलटी तालीम उलटी केली. "बास झालं अडखळणं! आता खाडखाड!" मुलांना हायसं वाटलं, इतके दिवस तोंडाला कुलूप लावून त्यांचा जीव गुदमरला होता. रेडिओची पाळी आली. ती पहिल्या शब्दावर उभी राहिली, आणि उभीच राहिली.

"बाळ, नाटक संपलं आता," मोठ्या बाई लाडाने म्हणाल्या.

रेडिओने मान हलवली आणि पुन्हा पहिल्या अक्षरापासून सुरुवात केली. मोठ्या बाईंचं हसू हळूहळू उतरत गेलं. त्यांनी मला त्यांच्या खोलीत बोलावलं.

"अहो, तिला खरंच येत नाही!" जणू मीच त्यांच्यापासून लपवलं होतं.

"मी सांगितलं होतं."

"ते असू दे. पाठांतर चांगलं आहे ना तिचं? पाठ करून घ्या. पुस्तक हातात धरायचं आणि म्हणायचं. पाहुण्यांसमोर एक जरी पोर अडकलं ना, तर पंखे गेले समजा."

मला रागाने बोलता आलं असतं. नाही बोलले, कारण मलाही तेच हवं होतं. भरलेल्या सभागृहात, माइकसमोर, माझ्या बहिणीच्या पोरीचं हसं होणार, आणि मी पहिल्या रांगेत बसून ते बघणार? झाकली मूठ सव्वा लाखाची. वाचायला काय, नंतरही शिकता येईल.

घरी मी तिचं पान तिला एकदा वाचून दाखवलं. एकदाच. तिने डोळे मिटून ते सगळं म्हणून दाखवलं, माझ्या खाकरण्यासकट.

"झालं की!" मी म्हटलं. "असंच म्हणायचं."

"पण मावशी, हे मी वाचलेलं नाही."

"कुणाला कळणारे?"

"तिला कळेल ना." तिने डोळे उघडले. "ती सांगते, तू ऐकतेस चांगलं, पण ऐकलेलं दुसऱ्याचं असतं."

मी म्हटलं, ज्या बयेला वेळेवर येता येत नाही तिने मला तत्त्वज्ञान शिकवू नये. रेडिओ नुसतं पान उलटंसुलटं करून बघत बसली.

कार्यक्रमाच्या दिवशी पंख्यांची खोकी मंचाच्या शेजारीच रचून ठेवली होती, म्हणजे काय पणाला लागलंय याचा कुणाला विसर पडायला नको. पाहुणे आले, बसले, त्यांना पुष्पगुच्छ मिळाला. अध्यक्ष उलटा चालत चालत एका खोक्यावर आपटला. मग मुलं एकामागून एक आली आणि त्यांनी असं वाचलं, असं वाचलं, की पाहुण्यांनी चष्मा काढून पुसला. "काही महिन्यांत एवढी प्रगती!" ते म्हणाले. खिडकीशी सर उभे होते. वर्षानुवर्षांची त्यांची मेहनत दुसऱ्याच्या नावावर टाळ्या घेत होती, आणि त्या टाळ्यांत त्यांनाही टाळ्या वाजवाव्या लागत होत्या.

रेडिओचं नाव पुकारलं. त्याच वेळी मागचं दार करकरलं. लेटलतीफ आली होती.

रेडिओने माइकसमोर पान उघडलं. मी ओठांतल्या ओठांत तिच्याबरोबर सुरू केलं: तळ्याकाठी एक बगळा उभा होता. म्हण गं पोरी, म्हण. तोंडपाठ आहे तुला.

तिने पानावर बोट ठेवलं.

"त..." माइकमधून आलं. "तळ... त... ळ्या..."

मोठ्या बाई माझ्या कानाशी फिसकारल्या, "नाटक संपलंय म्हणावं तिला!"

"ती नाटक करत नाहीये," मी म्हटलं. ते वाक्य मी त्यांना दुसऱ्यांदा ऐकवत होते.

"का... ठी. तळ्याकाठी." रेडिओने श्वास घेतला. "ए... क. एक. ब... ग..."

"बगळा!" मागून कुणाला तरी दया आली.

रेडिओने मान वर केली. माइकमध्ये, अख्ख्या सभागृहाला ऐकू जाईल असं ती म्हणाली, "सांगू नका."

कुणी हसलं, कुणी खोकलं. ती पुन्हा बोटाखाली वाकली. ज्या ओळी ती आदल्या संध्याकाळी डोळे मिटून एका दमात म्हणत होती, त्याच ती आता एकेक अक्षर उचलून लावत होती. कपाळावर तोच घाम, बोटाला तीच थरथर. मी ओठ हलवून सांगत होते, तर तिने माझ्याकडे बघून चक्क तोंड फिरवलं. शेवटचा शब्द लागला तेव्हा सगळ्या सभागृहाने एकदम श्वास सोडला. पाहुण्यांनी टाळीसाठी हात उचलले.

पण ती थांबलीच नाही. तिचं बोट पानाच्या तळाशी गेलं. तिथे प्रत्येक पानावर बारीक अक्षरांत मंडळाचं घोषवाक्य छापलेलं होतं. एवढ्या मुलांनी पानं वाचली, ते कुणीच वाचलं नव्हतं; वाचता येणाऱ्याला कळतं की हे वाचायचं नसतं. रेडिओला ते कुणी सांगितलं नव्हतं. तिला एवढंच दिसत होतं, की अजून अक्षरं उरलीयत.

"आ... म... ची... आमची. सो... ब... त. सोबत." पाहुण्यांचे हात हवेतच. "तु... म... ची. तुमची." आणि मग आलं जोडाक्षर. ती अडली. मागे गेली, पुन्हा आली. "प... र... पर... प्र. प्र... ग... ती." तिने वर बघितलं. "आमची सोबत, तुमची प्रगती."

आणि ती हसली. तालमीतलं ते सुटकेचं हसू नव्हतं हे.

ती ओळ मी तिला वाचून दाखवली नव्हती. तिने ती कुणाच्याही तोंडून ऐकली नव्हती. माझ्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं, आणि मी ते पुसलंही नाही. सगळी सोंगं आणता येतात. हे आणता येत नाही. मी जोरजोरात टाळ्या वाजवल्या. मागून दाराशी एक जण वाजवत होती, खिडकीशी सर वाजवत होते. बाकी सगळ्यांनी वाजवल्या त्या दयेच्या.

पंखे मिळाले. एका पोरीने पंखे अडत नाहीत हो. उलट पाहुण्यांना सगळं जास्तच खरं वाटलं. "एक मूल मागे राहिलं, चालायचंच," ते मोठ्या मनाने म्हणाले. सगळ्या मुलांना पदकं मिळाली, जे त्यांना आधीपासून येत होतं ते शिकल्याबद्दल. रेडिओला मिळाली पेन्सिल. वाचनमित्रांना प्रमाणपत्रं वाटली गेली. लेटलतीफचं नाव त्यांत नव्हतं. तिच्याकडे दिलेल्या मुलाची प्रगती समाधानकारक झाली नव्हती, आणि शिवाय पुस्तिकाही फाडलेल्या होत्या.

मी तरातरा अध्यक्षाकडे गेले. तोंड उघडून सगळं सांगितलं असतं तर शाळेची अब्रू गेली असती आणि पंखे पुन्हा खोक्यांत गेले असते, हे कळत होतं. तरी राहवलं नाही. "अहो, तुमच्या एवढ्या प्रकल्पात वाचायला शिकलेलं मूल एकच आहे," मी म्हटलं. "आणि ते तिने शिकवलंय."

त्याने माझ्या हातावर हात ठेवला. डोळ्यांत अगदी कळवळा. "मॅडम, निराश होऊ नका. तुमच्या भाचीला आम्ही पुढच्या वर्षीही घेऊ."

गालफडात द्यावीशी वाटली. दिली नाही, त्याने त्याचाही फोटो काढला असता.

फाटकाशी लेटलतीफ उभी होती, शर्ट कमरेला गुंडाळून.

"आता हजेरीचं काय गं तुझ्या?" मी विचारलं.

"बघू. वर्ष जाईल बहुतेक." तिने खांदे उडवले, पण आवाज जरा ओलसर होता.

"मी लिहून देते, कायकाय शिकवलंस ते. शिवणाच्या बाईच्या सहीला कोण विचारतं म्हणा, पण देते."

"द्या," ती म्हणाली. "मी ठेवीन." मग तिने रेडिओच्या हातात एक घडी घातलेला कागद कोंबला आणि कधी नव्हे ती लवकर निघून गेली.

आम्ही घरी निघालो. रेडिओ माझ्यामागून चालत होती, कागदात डोकं घालून, ओठ हलवत. कोपऱ्यावर मी थांबले, तर ती येऊन माझ्यावर आदळली. मग तिथेच उभी राहिली. शेवटच्या शब्दाला तिला बराच वेळ लागला. मी वाट बघितली. इतक्या दिवसांचं ते भांडण, त्या ड्रेसचं काय झालं, ती मैत्रीण बोलली की नाही. हे सगळं मला आत्ताच हवं होतं.

"काय लिहिलंय गं?" शेवटी मी विचारलं.

तिने कागदाची घडी घातली, आणखी एक घडी घातली.

"सांगणार नाही."

"अगं, मला नाही सांगणार? तू?"

"माझ्यासाठी लिहिलंय, मावशी."

तिने कागदावर मूठ घट्ट मिटली आणि माझ्या पुढे चालायला लागली. घर येईपर्यंत तिने ती उघडली नाही.